वाळ्याचं सरबत

"काका, हे वाळ्याचं सरबत कुणाचं?"

गेल्या जुलैतली रविवारची दुपार. पाऊस तासाभरासाठी उघडला होता, तेवढ्यात सोसायटीतली पोरं खाली लपाछपी खेळायला उतरली होती आणि मी खजिनदार या नात्याने मेंटेनन्सच्या पावत्या घेऊन लिफ्टपाशी उभा होतो. दुसऱ्या मजल्यावरची सात वर्षांची मुलगी जिन्याखालच्या मीटर रूममधून बाहेर आली, ती दोन्ही हातांनी एक बाटली छातीशी कवटाळून. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, लेबल अर्धं सोललेलं, आत पाऊण भरलेलं हिरवट पाणी. रंग खरोखरच वाळ्याच्या सरबताचा. उन्हाळ्यात तिच्या आजीने केलेलं असणार, म्हणून तिला ते नाव लगेच सुचलं. तिचा एक हात झाकणावर होता आणि झाकण फिरायला लागलं होतं. मी बाटली जवळजवळ ओरबाडूनच घेतली. पोरगी रडवेली झाली. आपल्या हातून काय चुकलं ते तिला कळेना, आणि मलाही त्या क्षणी तिला नीट सांगता येईना. झाकणाच्या कडेने ओल आली होती, ती माझ्या बोटांना लागली, आणि मग वास आला.

पेट्रोल. ऑइल मिसळलेलं पेट्रोल.

आता खरं सांगायचं तर त्या वासाने मला आधी बरं वाटलं. भीती नंतर आली, अर्ध्या मिनिटाने, जिना चढताना. लहानपणी काकांच्या स्कूटरवर पुढे उभा राहून पंपावर गेलो की मी नाकपुड्या फुगवून तो वास आत घ्यायचो. नव्या पुस्तकाचा, पहिल्या पावसातल्या मातीचा आणि पेट्रोलचा, हे तीन वास माझ्या डोक्यात एकाच कप्प्यात आहेत. घरी येऊन साबणाने तीनदा हात धुतले तरी रात्री जेवताना वरणभातावरून तो वास येतच राहिला. बायको म्हणाली, "एवढं काय झालं? बाटली काढून टाकलीत ना?" बाटली मी गच्चीच्या जिन्याच्या तोंडाशी उघड्यावर नेऊन ठेवली होती आणि वॉचमनला तिच्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं. पण झोप लागली नाही. त्या मीटर रूममध्ये आमच्या दोन विंगांचे मिळून छप्पन्न मीटर आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळीमामांना गाठलं. मामा टिटवाळ्याहून येतात, मुलुंडमधल्या तीन सोसायट्यांच्या बागा बघतात. "बाग" हा आमचा शब्द. खरं तर कंपाउंडच्या कडेने दहा फुटांची मातीची पट्टी, दोन बदाम, एक पारिजातक, आणि जून उलटला की त्यात कमरेइतकं वाढणारं गवत. पूर्वी मामा विळ्याने कापायचे. तीन वर्षांपूर्वी डासांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा आम्ही सभेत ठराव करून गवत कापायचं मशीन घेतलं, खांद्याला पट्ट्याने अडकवायचं, टू-स्ट्रोक इंजिनाचं. ठराव माझ्याच अक्षरात आहे. मशीनची किंमत, वॉरंटी, ब्लेड घ्यायचं की नायलॉनची दोरी, सगळ्यावर चर्चा झाली. ते मशीन पेट्रोलवर चालतं आणि ते पेट्रोल कुठेतरी ठेवावं लागेल, हे वीस सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही. माझ्याही नाही.

मामा खजील झाले, पण फार नाही. "साहेब, पंपावर बाटलीत देत नाहीत. वॉचमनच्या गाडीतून नळीने काढतो. तोंडाने ओढावं लागतं, कधीतरी घोटभर जातंच," असं म्हणून हसले. मग कफ सिरपचं झाकण दाखवलं. एका लिटरला अशी चार झाकणं ऑइल, म्हणजे चाळीस मिली, आमच्या मशीनला हेच प्रमाण लागतं. तो रंग ऑइलचा. माप अगदी काटेकोर होतं. मशीन तीन वर्षं बिघडलं नाही ते त्या झाकणामुळेच. मी म्हटलं, "पण मामा, मीटर रूममध्ये का ठेवायचं?" त्यावर ते शांतपणे बोटं मोडू लागले. गच्चीला कुलूप. ऑफिसात ठेवलं की मॅडमना वास सहन होत नाही. पंप रूममध्ये मोटर, शेजारी पाण्याची टाकी. वॉचमनच्या केबिनमध्ये तो रात्री डासांची कॉइल लावतो. उघड्यावर ठेवलं की भंगारवाला उचलतो. पाचही बोटं मोडून झाल्यावर त्यांनी हात खाली सोडला.

"तुम्हीच सांगा, कुठे ठेवू?"

मुंबईत या प्रश्नाला उत्तर नसतं. इथे माणसाला जागा नसते, तिथे त्याच्या बाटलीला कुठून येणार? पण लालबागच्या आमच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, सहा माणसं आणि रॉकेल एकत्र राहत होतो, हे मला त्या वेळी आठवलं. रॉकेलचा पाच लिटरचा पत्र्याचा डबा मोरीच्या कठड्याखाली, डाव्या कोपऱ्यात. त्याची जागा कधी बदलली नाही. देव एकदा या कोनाड्यातून त्या कोनाड्यात गेले, ट्रंका माळ्यावर गेल्या, मी आणि भाऊ झोपायला गॅलरीत गेलो, पण डबा तिथेच. रेशनच्या दुकानापुढे रांगेत आपला नंबर म्हणून डबे ठेवून पोरं गोट्या खेळायची; निळं रॉकेल घेऊन घरी आलो की आई डबा आधी कोरड्या फडक्याने पुसायची आणि ते फडकं लगेच गॅलरीत वाळत टाकायची, चुलीकडे कधी नाही. नरसाळं खिळ्याला टांगलेलं, त्याला दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. रॉकेलचा हात पिठाला लागला तर त्या दिवशीच्या पोळ्या तोंडात धरवायच्या नाहीत आणि बोलणी रात्रीपर्यंत पुरायची.

आमचा पंपाचा स्टोव्ह होता, पितळेचा, दिवाळीला चिंचेने घासलेला. काकडा लावायचा, नळा तापू द्यायचा, मग पंप मारायचे. त्यात रॉकेल कधीही काठोकाठ भरलं जात नसे; बोटभर जागा वर ठेवायचीच. का, ते आईला विचारलं तर म्हणायची, "त्यालाही श्वास घ्यायला जागा लागते." आणि जळता स्टोव्ह भरायचा नाही. आधी चावी सैल करायची, आतली हवा फुस्स करून बाहेर जायची, आणि त्या क्षणी आई न चुकता मान उजवीकडे वळवायची. डोळे मिटून, ओठ आवळून. लहानपणी मला वाटायचं तिला वास आवडत नाही. पुढे पेपर वाचायला लागलो तेव्हा "स्टोव्हचा भडका उडून विवाहिता मृत्युमुखी" ही एका कॉलमातली बातमी दर आठवड्याला दिसायची. सगळ्याच बातम्यांमध्ये दोष स्टोव्हचा नसायचा, हे चाळीतल्या बायकांना आमच्याआधी ठाऊक होतं. त्या बातमीवर पाणवठ्यावर बोलताना त्यांचे आवाज खाली जायचे.

शेजारच्या खोलीतल्या तीन वर्षांच्या मुलाने एकदा रॉकेल प्यायलं होतं. कपातलं. त्याच्या आजीने वात भिजवायला घेतलेलं. सगळी चाळ गोळा झाली, कुणी मिठाचं पाणी पाजायला निघालं, कुणी घशात बोट घालायला. माझे वडील त्याला उचलून तसेच परळच्या इस्पितळाकडे धावले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की ओकारी काढली का, आणि नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला, असं वडील सांगायचे. पोटात गेलेल्या रॉकेलपेक्षा ओकताना श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेलं रॉकेल जास्त घात करतं. पेट्रोलचंही तेच. त्या मुलाला आठवडाभर खोकला होता. आता तो डोंबिवलीत असतो, टक्कल पडलंय. जिन्याखालून बाटली घेऊन आलेल्या त्या मुलीकडे बघताना मला तोच आठवला होता. आणि मामांनी "घोटभर जातंच" म्हटलं तेव्हाही. ते हसले होते म्हणून मीही हसलो होतो.

तेव्हा, आईची शिस्त आठवली आणि वाटलं, तीच इथे आणली की झालं. पण तसं नाही. आईचं शहाणपण रॉकेलपुरतं होतं. रॉकेल आळशी असतं: पेट घेण्याइतकी वाफ सुटायला ते साधारण ३५-४० अंशांपर्यंत तापावं लागतं, म्हणून तर वात लागते, काकडा लागतो. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही तेवढी वाफ सोडतं. म्हणजे मुंबईच्या हवेत त्याला थांबवणारं काहीच नाही. झाकण उघडं असेल तर ते सतत निघालेलंच असतं. आणि ती वाफ वर जात नाही. हवेच्या तिप्पट-चौपट जड असते, सांडल्यासारखी जमिनीवरून पसरते, खोलगट जागा शोधते. हवेत तिचं प्रमाण शेकडा दीड भागाच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. हे मी त्या रात्री वाचत बसलो होतो आणि वाचता वाचता उठून खाली गेलो. आमची मीटर रूम लॉबीपेक्षा एक पायरी खाली आहे. २६ जुलै २००५ ला तिथे मांडीपर्यंत पाणी चढलं होतं आणि इतर सगळीकडचं ओसरलं तरी तिथलं दोन दिवस ओसरलं नाही. त्यानंतर आम्ही मीटर चार फूट वर घेतले आणि पुन्हा पाणी आलं तर काय, याचा बंदोबस्त झाला म्हणून निश्चिंत झालो. पाणी जिथे येऊन बसतं तिथेच ती वाफही येऊन बसणार, हे समजायला मला वीस वर्षं आणि एक लहान मुलगी लागली. दाराच्या फटीखाली, बाटली ठेवत होते त्या जागी, सिमेंटवर एक गोल डाग होता. त्याच्या वर हातभर अंतरावर लिफ्टचा स्विच.

आजोबा गिरणीत होते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये बोट उडाली तेव्हा ते पाळीवर होते, आणि तो आवाज ते मरेपर्यंत सांगत. कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच बोटीत कोणत्या शहाण्याने भरले, हा त्यांचा प्रश्न असायचा. बॉम्बपेक्षा त्यांना त्या शेजाराचा राग जास्त. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांच्या आठवणीत दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो. आमच्याकडे त्या आठवड्यात एजन्सीचा माणूस येतो, लाल नळकांड्यांवरचे काटे बघतो, एक नळकांडं फवारून दाखवतो, पोरं टाळ्या वाजवतात. जानेवारीत आणि जुलैत आगीच्या यंत्रणेचा फॉर्म बी भरून जातो. त्या जुलैचाही भरला होता. यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला फाइलमध्ये होता आणि बाटली जिन्याखाली होती. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

समितीची सभा बोलावली. अपेक्षेप्रमाणे पहिली सूचना आली की मामांना मेमो द्या. दुसरी, पेट्रोल बंद, विजेवरचं मशीन घ्या. मग कुणीतरी ओल्या गवतातून साठ फूट वायर ओढायचं चित्र डोळ्यांपुढे आणून दिलं आणि ती सूचना आपोआप मागे गेली. बॅटरीवरचं मशीन घेऊ, म्हणाले. चार्जिंग कुठे करणार? "मीटर रूममध्ये," असं उत्तर आलं, आणि ते गंभीरपणे आलं. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, खाली पार्किंगमध्ये तीस गाड्या उभ्या आहेत, प्रत्येकीच्या टाकीत वीस-तीस लिटर आहे, दोन लिटरचं काय घेऊन बसलात? प्रश्न वाटतो तितका बिनतोड नाही. गाडीची टाकी त्या कामासाठीच बनवलेली असते, वाफेला वाट काढून दिलेली असते, आणि कुठलीही पोरगी ती सरबत समजून उचलत नाही. कोल्ड्रिंकची बाटली गॅसच्या फेसासाठी बनते. उन्हात पेट्रोल फुगतं, दर दहा अंशांना शंभरातला जवळपास एक भाग, शिवाय वाफेचा दाब वेगळा. बाटली ताठ होते आणि झाकणाच्या आट्यांमधून घाम फुटतो. माझ्या बोटांना लागला तो घाम.

कायदाही मी काढून नेला होता, सभेत वजन पडतं म्हणून. १९३४ चा पेट्रोलियम कायदा सांगतो की विकायचं नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला परवाना लागत नाही. हे वाचल्यावर दोघांचे चेहरे खुलले. पुढचं वाक्य मी मुद्दाम सावकाश वाचलं: घट्ट बुचाच्या भांड्यात, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंत. प्लास्टिकचा शब्दच नाही, कारण तेव्हा प्लास्टिकच्या बाटल्या घरोघरी नव्हत्या. आईचा पत्र्याचा डबा मात्र त्या वाक्यात चपखल बसतो. तिला कायदा माहीत असण्याचं कारण नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं. कंपाउंडच्या मागच्या भिंतीला, इमारतीपासून सगळ्यात दूर, बदामाखाली, एक लोखंडी कपाट. दारांना खाली आणि वर जाळी, म्हणजे वाफ साचणार नाही. आत पाच लिटरचा धातूचा कॅन, पण भरायचा दोनच लिटर. त्यामागे मशीन दुरुस्त करणाऱ्याचं म्हणणं होतं. तो म्हणाला, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवेत पाण्याशिवाय आहे काय? पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याला धरून तळाशी उतरतं, ऑइल वर पेट्रोलबरोबर राहतं, मशीन तळाचं ओढतं आणि बिनतेलाचं चालून पिस्टन घासतो. त्यामुळे महिन्याभरात संपेल एवढंच आणायचं, गणपतीनंतर गवत थांबलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवायचं. कॅनवर लाल रंगात मराठी-हिंदीत "पेट्रोल", आणि खाली मी हट्टाने एक वाटीभर आकाराची कवटी काढून घेतली, वाचता न येणाऱ्यांसाठी. शेजारी वाळूची बादली आणि पावडरचं नळकांडं, कारण पेट्रोलवर पाणी ओतलं की पेट्रोल पाण्यावर तरंगत आग घेऊन फिरतं. पंपावर सोसायटीच्या लेटरहेडचं पत्र आणि कॅन घेऊन मी स्वतः गेलो. भरताना त्यांनी कॅन जमिनीवर ठेवायला लावला, हातात धरू दिला नाही. स्थिर विजेची ठिणगी, म्हणाले. परतताना रिक्षावाल्याने वास ओळखला आणि नाही म्हणाला. बरोबर होतं त्याचं. चालत आलो, वीस मिनिटं, उजवा खांदा दोन दिवस दुखला.

कपाटाला कुलूप लागलं. किल्ली सेक्रेटरींकडे, हे सभेत ठरलं होतं. सेक्रेटरी साडेसातला ऑफिसला निघतात. मामा नऊला येतात.

पंधरा दिवसांनी, ऑगस्टच्या एका सकाळी, पारिजातकापाशी मशीन ठेवलेलं आणि शेजारी गवतात आडवी पडलेली बाटली मला गॅलरीतून दिसली. तोच रंग. मी चपला न घालताच खाली उतरलो, मनात पूर्ण भाषण तयार. मामांनी मला येताना पाहिलं आणि बोलायच्या आधीच हात वर केला. "साहेब, किल्ली नाही. गवत कापलं नाही तर तुमचीच चिठ्ठी येते." चिठ्ठी खरोखर आली होती, आदल्याच दिवशी, डासांबद्दल, आणि तिच्यावर सही माझी होती. मी भाषण गिळलं. त्यातली बरीचशी वाक्यं त्या मेमो देणाऱ्या सभासदाची निघाली, हे गिळताना लक्षात आलं.

दुसरी किल्ली करायला तीस रुपये लागले. ती मामांना दिली तेव्हा सेक्रेटरी थोडे नाराज झाले. पेट्रोलची किल्ली माळ्याकडे, असं त्यांनी दोनदा म्हटलं. मामांनी ती कमरेच्या करगोट्याला बांधली, घरच्या किल्लीशेजारी. बाटलीचं तोंड त्यांनी माझ्यासमोरच विळ्याने कापून टाकलं. आता तिच्यात खिळे असतात.

परवा पुन्हा ऊन पडलं होतं. मशीन बंद करून मामा दहा मिनिटं बदामाखाली बसले, इंजिन निवेपर्यंत तंबाखू मळत. मग तंबाखूचा हात धोतराला पुसून कपाट उघडलं, कॅन जमिनीवर ठेवला आणि झाकण अर्धा आटा फिरवून थांबले. फुस्स असा आवाज आला. त्यांनी मान उजवीकडे वळवली होती, डोळे मिटून, ओठ आवळून.